मिहानातले आणि इतवारीतले: आयटीचं पुढचं कोणाला कसं दिसतं?

वैनगंगा

नागपुरात 'आयटीचं पुढे काय' हा प्रश्न दोन जागी विचारला तर दोन वेगळी उत्तरं मिळतात. मिहानात, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रात, किंवा परसोडीच्या आयटी पार्कात विचारा, समोरचा नोकरीबद्दल बोलायला लागतो. भरती कधी उघडणार, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, किती दिवस ठेवतात, क्लायंटने प्रोजेक्ट वाढवलं का. खापरीला मेट्रोत बसून, सीताबर्डीला गाडी बदलून अग्रसेन चौकात उतरा आणि इतवारीच्या घाऊक बाजारात तोच प्रश्न विचारा. तिथला व्यापारी म्हणतो, "ते जाऊ द्या, सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही त्याचं काय करू ते सांगा."

मी दोन्हीकडे काम केलंय. आधी मोठ्या कंपनीत परदेशी क्लायंटसाठी, आता छोटी टीम घेऊन इथल्याच वितरकांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांशी बोलत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढतेय.

विकणाऱ्यांचं गणित आधी मांडते. आपला सेवाउद्योग माणशी दरावर उभा राहिला. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० उजाडताना संगणकातल्या तारखा दुरुस्त करण्याच्या, वेळी परदेशी कंपन्यांना स्वस्तात भरपूर हात हवे होते, ते आपण दिले आणि तीच सवय धंद्याची रीत झाली: इतकी माणसं, इतके महिने, इतका दर. नॅसकॉम या आयटी उद्योगाच्या संघटनेच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये हा उद्योग २८२.६ अब्ज डॉलरचा होता आणि त्यात ५८ लाख लोक होते. भागाकार केला तर माणशी साधारण ४९ हजार डॉलर येतात. धंदा वाढवायचा तर माणसं वाढवायची, हे सूत्र पंचवीस-तीस वर्षं चाललं. आता तेच काम कमी माणसांत होऊ लागलं, तर विकणाऱ्याचं बिलच लहान होतं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने मनुष्यबळातले सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करण्याचं जाहीर केलं तेव्हा मिहानात जी शांतता पसरली, तिच्या मागे हे गणित आहे.

घेणाऱ्याला मात्र तास कधीच नको होते. त्याला बिल बरोबर निघायला हवं, स्टॉक जुळायला हवा, जीएसटीचा रिटर्न वेळेत जायला हवा. म्हणून माझं मत असं की कोड लिहिण्याचा दर यापुढे उतरतच जाणार, आणि 'काही बिघडलं तर मी उभा आहे' असं म्हणणाऱ्याचा दर चढणार. पुढचा धंदा जबाबदारीचा आहे. तुम्हाला काय दिसतं? विकणारे, घेणारे, दोघांनीही लिहा.

रात्रपाळी

मिहानातून लिहितोय, अमेरिकन क्लायंटच्या सपोर्टला आहे. ताई, तुमचं गणित बरोबर आहे आणि आम्ही ते रोज अनुभवतोय. कराराचं नूतनीकरण आलं की क्लायंट पहिला प्रश्न विचारतो, "तुम्ही एआय वापरता ना? मग दर कधी कमी करता?" वाचलेला वेळ कोणाच्या खिशात जायचा, यावरच सगळी बोलणी अडतात. कंपनीला वाटतं टूलचा खर्च आम्ही करतो, तर फायदा आमचा. क्लायंट म्हणतो तास कमी लागले, तर पैसे कमी.

दुसरं म्हणजे घेणारा आता स्वतःच इथे येऊन बसलाय. परदेशी कंपन्यांची स्वतःची केंद्रं २०२३-२४ मध्ये देशात १,७०० च्या वर होती आणि त्यात १९ लाख लोक कामाला होते. मधला ठेकेदार काढून टाकला की झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं, त्यानंतर हा ओघ आणखी वाढेल असं मला वाटतं. माणूस तिकडे नेणं इतकं महाग झालं तर काम इकडे येईल, फक्त ते आमच्या कंपनीकडे येईल असं नाही. ही केंद्रं बंगळूर, हैदराबाद, पुण्यात निघतात. नागपूरच्या वाट्याला त्यातलं फारच थोडं येतं.

शेवटचंवर्ष

वाचतोय. मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हिंगणा रोडच्या कॉलेजात. कंपन्या येऊन राहिल्या, पण भरतीच्या जागा कमी आहेत. आमच्यासारख्यांनी यातून काय घ्यायचं तेही कोणीतरी लिहा.

दवाबाजार

ताई, मी घेणारा हाय. गांधीबागेत औषधाचं होलसेल. मले एआय-बीआय समजत नाही, पण तुमी जबाबदारी म्हनता त्याचा अर्थ मले २२ सप्टेंबर २०२५ ले समजला, तो सांगतो.

३ सप्टेंबरले जीएसटी कौन्सिलचा निर्णय आला. बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्क्यावर, ३३ जीवरक्षक औषधं शून्यावर, २२ तारखेपासून लागू. मधात दिवस किती? आनि दुकानात माल केवढा! आता पहा, पाकिटावर छापेल एमआरपी जुनी. कंपन्यायनं नव्या किमतीच्या याद्या पाठवल्या. जुन्या मालावर लेबल चिपकवाची गरज नाही, पन विकाचा नव्या किमतीनं. म्हन्जे सॉफ्टवेअरमधी एकाच बॅचले छापेल एमआरपी वेगळी, लागू एमआरपी वेगळी. आमच्याकडं जे सॉफ्टवेअर हाय ते मोठ्या क्लाउडवाल्या कंपनीचं. डेमो लय झकास होता. फोन केला तं तिकीट नंबर भेटला. टॅक्सचा दर त्यायनं बरोबर बदलून देल्ला, पन एमआरपीचा खानाच एक, त्याच्यात दोन किमती कशा भरनार?

बाजूच्या दुकानात महाल भागातला एक पोरगा सॉफ्टवेअर देते, तो आदल्या संध्याकाळी येऊन बसला. मालकासंगं एकेक कंपनीची यादी चढवली, सकाळी पयलं बिल निघेपर्यंत हलला नाही. आमी आपले काउंटरवर कॅल्क्युलेटर घेऊन.

खरी पंचाईत तं पुढं झाली. दिवाळीनंतर मेडिकलवाल्यायचा एक्सपायरीचा माल वापस याले लागला. तो माल विकला होता १२ टक्क्यानं. त्याची क्रेडिट नोट (वापस मालाची रक्कम वजा करनारी पावती) सॉफ्टवेअर काढून राह्यलं ५ टक्क्यानं, काहून का मास्टरमधी, म्हन्जे मालाच्या मूळ यादीत, आता ५ हाय. ते आमच्या सीएबाईनं पकडलं म्हनून वाचलो.

हिशेबनीस

दवाबाजारभाऊ, ही चूक मी त्या काळात बऱ्याच पक्षकारांकडे दुरुस्त केली. मूळ बिलाशी जोडलेली क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने निघते. मालाच्या मास्टरमधून दर उचलणारं सॉफ्टवेअर तिथे चुकणारच. ते लिहिणाऱ्याला कोडिंग उत्तम येत असेल, पण औषधाचा माल विकल्यानंतर वर्षभराने परत येतो हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सीए म्हणून मी वैनगंगाताईंच्या म्हणण्यात थोडी भर घालते. इथल्या व्यापाऱ्यासाठी सॉफ्टवेअरची खरी मागणी सरकारी नियम निर्माण करतात. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या उलाढालीला होतं. १०० कोटी, ५०, २०, १० असं उतरत ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आलं. ५ कोटींची उलाढाल म्हणजे इतवारीतलं मध्यम दुकान झालं. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये. दर वेळी हजारो दुकानांमध्ये कोणीतरी जाऊन काम करावं लागतं. त्यामुळे देशी बाजारात काम संपेल असं मला वाटत नाही. काम करणारा धंदा समजणारा हवा, एवढंच.

बुटीबोरीकर

मी कारखान्याचा आयटी सांभाळतो, गेली कित्येक वर्षं घेणाऱ्याच्या खुर्चीत. वैनगंगाताई, तुमचं लिखाण प्रामाणिक आहे, पण मला ते विकणाऱ्याच्या सोयीचं वाटतं. 'जबाबदारीचे पैसे' म्हणून जे तुम्ही सांगता, ते आम्ही एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) नावाने आजवर भरतच आलोय. किमतीच्या १५-२० टक्के दर वर्षी. त्यातून मिळालं काय? वर्षातून एक अपडेट, आणि बदल मागितला की त्याचं वेगळं कोटेशन.

त्यात आता विकत घेण्याची सोयच संपत चालली आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमचे परवाने विकणं बंद केलं. जगभरच्या डेटा सेंटरवाल्यांना वर्गणीवर यावं लागलं. घर विकत घेतलंय असं समजून राहावं आणि एक दिवस भाड्याची पावती यावी, तसं झालं हे. वर्गणी वाढवली तर आम्ही जाणार कुठे?

म्हणून सांगतो, आम्ही लहान गोष्टी बाहेरून घेणं बंद केलंय. गेटपास, वजनकाट्याचं रजिस्टर, शिफ्टचा तक्ता, ठेकेदाराच्या कामगारांची हजेरी. मेंटेनन्समधल्या एका तरुण इंजिनियरने एआय वापरून या सगळ्याची स्क्रीन करून दिली. वजनकाट्याचंच घ्या. आधीच्या सॉफ्टवेअरमध्ये गाडीचं रिकामं वजन एकदा घेतलं की तेच पुढे चालायचं. आमच्या पोराला माहीत होतं की पावसाळ्यात ट्रकच्या हौद्यात चिखल आणि पाणी बसतं, त्यामुळे रिकामं वजन दर फेरीला घ्यायला हवं. बाहेरच्या पुरवठादाराला हे आम्ही वारंवार सांगितलं होतं. पोराने ते कोणी न सांगता केलं, कारण काट्यावर तो रोज उभा असतो.

ईआरपी (सगळ्या कारखान्याचा व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि पगार मी घरी करणार नाही, तेवढी अक्कल ठेवून आहे. पण पाच-दहा स्क्रीन विकून जगणारे पुरवठादार टिकणार नाहीत, हे माझं स्पष्ट मत.

वैनगंगा

बुटीबोरीकरदादा, वजनकाट्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं मी म्हणेन. तिथे कोडपेक्षा काट्यावर उभं राहणं मोलाचं ठरलं. पण तो इंजिनियर उद्या चाकणला जास्त पगारावर गेला, तर? जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंगच्या सेवेच्या एआय एजंटने (स्वतःच कोड लिहून चालवणाऱ्या एआयने) एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला होता, आणि तेही काहीही बदलू नको अशी स्पष्ट सूचना दिलेली असताना. तुमच्या हजेरीच्या रजिस्टरचं तसं झालं तर रविवारी कोण येणार? ठेकेदाराच्या कामगारांची मजुरी त्यावर ठरते.

बुटीबोरीकर

तुमच्याकडचा मुलगा सोडून गेला तर काय होतं, ते मी भोगलंय. पुरवठादाराकडे ते काम कळणारा एकच माणूस होता, तो गेला आणि आमचं रिपोर्ट महिनोन्महिने अडकलं. निदान आता कोड माझ्या सर्व्हरवर आहे, दुसरा माणूस बसवून वाचता येतो. बॅकअप रोज रात्री वेगळ्या मशीनवर जातो. रेप्लिटच्या उदाहरणातला धोका खरा आहे, म्हणूनच एजंटला आम्ही चालू डेटाबेसचा पासवर्ड देतच नाही.

रात्रपाळी

एआयने काम किती पटीने वाढतं, याबद्दल दोन्ही बाजूंनी जरा सबुरीने बोलावं असं वाटतं. मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांकडून २४६ कामं करून घेतली. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने काम केलं. ती टूल २०२५ च्या सुरुवातीची होती आणि ते लोक स्वतःच्या जुन्या, मोठ्या कोडवर काम करत होते, हेही खरं. कोऱ्या पाटीवर गेटपासची स्क्रीन करणं वेगळं आणि वर्षानुवर्षं चालत आलेल्या बँकेच्या सिस्टिममध्ये एक ओळ बदलणं वेगळं. आमचा क्लायंट पहिलं पाहून दुसऱ्याचा दर पाडायला बघतो.

अंबाझरी

मूळ नागपूरची, सध्या पुण्यात एका युरोपीय कंपनीसाठी सॉफ्टवेअर खरेदीचे करार पाहते. वैनगंगाताई, तुमचा मुद्दा मला पटतो आणि तरीही एक टोचणारी गोष्ट लिहिते. विकणारे जबाबदारी विकतो म्हणतात, पण करार उघडून बघा. नुकसानभरपाईची मर्यादा बहुतेक ठिकाणी वर्षभराच्या फीइतकी असते, आणि बुडालेला धंदा त्यात धरतच नाहीत. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. डेल्टा एअरलाइन्सने ५० कोटी डॉलरचं नुकसान झालं म्हणून दावा लावला. क्राउडस्ट्राइकच्या वकिलांचं म्हणणं होतं की करारानुसार आमची जबाबदारी काही दशलक्ष डॉलरपर्यंतच आहे. इतकं अंतर असतं बोलण्यात आणि कागदात.

मोठे घेणारे हे ओळखून आहेत. युरोपात १७ जानेवारी २०२५ पासून डोरा हा कायदा लागू झाला. बँकांना आणि विमा कंपन्यांना त्यांच्या महत्त्वाच्या आयटी पुरवठादारापासून बाहेर कसं पडणार, याची योजना तयार ठेवावी लागते. आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही डेटा प्रक्रियेसाठी दुसऱ्याकडे दिला तरी उत्तर ज्याने तो गोळा केला त्यालाच द्यावं लागतं. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. दवाबाजारभाऊंनी ग्राहकांचे फोन नंबर त्या क्लाउडवर ठेवले असतील, तर कायद्याच्या नजरेत ते त्यांचंच ओझं.

तेव्हा पुढच्या काळात किंमत कोणाला मिळेल? जो पुरवठादार स्वतःहून लिहून देईल की तुमचा डेटा या स्वरूपात, इतक्या दिवसांत, फुकट परत देईन. ज्याला गिऱ्हाईक सोडून जाण्याची भीती वाटत नाही तोच असं लिहून देऊ शकतो, आणि आमच्या टेबलावर आलेल्या प्रस्तावांत मी सगळ्यात आधी तेच शोधते.

दवाबाजार

आमचा डाटा मांगतला तं त्यायनं पीडीएफ देल्ली. बाप्पा, हजारो आयटमची पीडीएफ घेऊन मी काय करू? एक्सेल पायजे तं वेगळे पैसे म्हने.

हिशेबनीस

सॉफ्टवेअर बदलायला घाबरणारे माझे बहुतेक पक्षकार याच एका कारणाने अडकलेत. आणि हे लोक पुरवठादारावर रागावून नवं काही घेतच नाहीत. बाजार लहान राहतो तो असा. वहीत लिहिणारा व्यापारी मागासलेला असतो असं इथल्या इंजिनियरांना वाटतं. मी रोज त्यांच्यात बसते म्हणून सांगते, तो एकदा पोळलेला असतो.

धानपट्टा

भंडाऱ्याहून. आमची राइस मिल आहे. शेवटचंवर्ष, तू विचारलंस म्हणून सांगतो. सरकारी धानाची भरडाई करतो आम्ही. साध्या तांदळाला क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ सरकारला जमा करावा लागतो. उतारा कमी पडला तर तूट आमच्या अंगावर. धान कोणत्या केंद्रावरून उचललं, ओलावा किती होता, तांदूळ कोणत्या गोदामात उतरवला, नापास होऊन परत आला का, बारदाना (रिकामी पोती) किती आला आणि किती गेला, कोंडा आणि कणी कोणाला विकली, हे सगळं वेगवेगळ्या वह्यांत आणि एका एक्सेलमध्ये आहे. ती एक्सेल माझ्या भाच्याशिवाय कोणाला कळत नाही. बाजारात सॉफ्टवेअर आहेत, दोन पाहिली. सरकारी आणि खासगी धान एकाच मिलमध्ये एकाच दिवशी चालतं, हे त्यांना मांडता आलं नाही. पूर्व विदर्भात अशा मिली थोड्याथोडक्या नाहीत.

शेवटचंवर्ष

काका, मी येऊन बघू शकतो का? प्रोजेक्टसाठी आमच्याकडे सगळेजण ऑनलाइन डेटा घेऊन काहीतरी मॉडेल बनवून राहिले. मला खऱ्या मिलवर करायला आवडेल.

धानपट्टा

खरिपाचा हंगाम सुरू असताना ये, रिकाम्या मिलमध्ये काही दिसणार नाही. दोन-चार दिवस मुक्कामाच्या तयारीने ये, आमच्याकडेच राहा.

वैनगंगा

शेवटचंवर्ष, नक्की जा. प्लेसमेंटची तयारी सोडू नकोस, मिहानातली नोकरी मिळाली तर घे. मोठ्या टीममध्ये काम कसं चालतं ते शिकायला मिळतं, मीही तिथेच शिकले. पण एखादा धंदा आतून कळला तर त्याचा तुला कुठेही उपयोग होईल. कोड आता कोणालाही काढता येतो, मिलचा उतारा कशाने पडतो ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

अंबाझरीताई, तुमचं म्हणणं मी मनावर घेतलंय. आमच्या नव्या करारात या महिन्यापासून तीन कलमं जातील. डेटा मागितल्यापासून आठवड्याच्या आत एक्सेल आणि सीएसव्हीमध्ये, विनामूल्य. सरकारी नियम बदलला तर त्याचं काम एएमसीत धरलेलं, वेगळं कोटेशन नाही. आणि टीम बंद पडली तर सोर्स कोड गिऱ्हाइकांना मिळेल, तो तिसऱ्याकडे ठेवण्याची व्यवस्था आमच्या खर्चाने. नुकसानभरपाईची मर्यादा वर्षाच्या फीवरून किती वाढवता येईल, ते विमा कंपनीशी बोलून ठरवेन. आमच्यासारख्या लहान टीमला तिथे अमर्याद शब्द देता येणार नाही, हे आत्ताच स्पष्ट लिहिते.

बुटीबोरीकर

दुसऱ्या कलमात 'नियम बदलला तर' एवढंच लिहू नका. नियम लागू होण्याच्या किती दिवस आधी बदल हातात मिळेल, ते टाका. दवाबाजारभाऊंची अडचण तारखेचीच होती. मसुदा इथे टाकलात तर घेणाऱ्याच्या बाजूने मी ओळ न् ओळ वाचून देतो. आणि ही कलमं खरोखर पाळलीत, तर हजेरीचं सॉफ्टवेअर बाहेर द्यायचं का यावर मी पुन्हा विचार करेन.

रात्रपाळी

आमच्या कंपनीत दर तिमाहीला नवं धोरण सांगतात, त्यात गिऱ्हाइकाचा धंदा शिकवण्याचं एकही सत्र नसतं. क्लायंटच्या गोदामात माल कसा उतरतो, हे इतकी वर्षं सपोर्ट देऊनही मी पाहिलेलं नाही. वैनगंगाताई, शनिवारी मोकळा असतो. तुमच्या एखाद्या वितरकाकडे बसायला येऊ का?

दवाबाजार

आमच्याकडं या ना भाऊ. शनवारी मेडिकलवाल्यायच्या ऑर्डरी जास्त असते, सकाळी याल तं सगळं पाहाले भेटन.

शेवटचंवर्ष

धानपट्टाकाका, येण्याआधी एक विचारतो. सरकारी धानाबरोबर आलेला बारदाना तांदूळ भरून परत जातो, तेव्हा फाटका निघालेला तुम्ही कोणत्या खात्यात धरता? तुमच्या वहीत त्याला वेगळं पान आहे, की तुटीतच जातो?